पाककृतींच्या फोल्डरमधला यंत्राचा पसारा

मावशीने ‘वालाचं बीरडं’ हे ‘वालाचं बिरडं’ असं सुधारलं, फाइल सेव्ह केली, पुस्तक पुन्हा बांधलं, आणि अनुक्रमणिकेत ‘बीरडं’च परत आलं. तिने पुन्हा सुधारलं. पुन्हा तेच. तेव्हा तिने मला फोन केला आणि म्हणाली, “अगं, हा संगणक माझं ऐकत नाही. मी लिहिलेलं पुसून टाकतो.”

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. ती ज्या फाइलीत दुरुस्ती करत होती, ती फाइल तिने लिहिलेली नव्हती आणि मीही नव्हती. ती लेटेकने, म्हणजे पुस्तकाची पानं जुळवणाऱ्या प्रणालीने, बनवलेली टीओसी, म्हणजे अनुक्रमणिकेची फाइल होती. प्रत्येक बांधणीत, म्हणजे मजकुरापासून पीडीएफ बनवताना, लेटेक ती नव्याने लिहितं आणि आधीचं जे असेल ते जातं. पण उघडून बघितली तर तिच्यात सगळ्या पाककृतींची नावं एकाखाली एक, पानाच्या आकड्यांसकट दिसतात. जिथे सगळी नावं ओळीने दिसतात तिथेच नावं सुधारायची, हा मावशीचा तर्क कुणीही शहाण्या माणसाने केला असता. नको ती फाइल तिच्या डोळ्यांसमोर होती, ही खरी अडचण.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मावशी ठाण्याला खारकर आळीत राहते, मी ऐरोलीला. आमच्या सीकेपी घरातल्या पाककृती तिच्या वह्यांमध्ये आहेत. बिरडं, सोड्याची खिचडी, भानोलं, निनावं, खाज्याचे कानवले, आणि पावसाच्या सुरुवातीला ठाण्याच्या बाजारात येणारी शेवळं. शेवळांच्या पाककृतीत काकडं किती घालायची, हे तिच्या आईने तिला सांगितलेलं प्रमाण आहे आणि ते अजून कुठे छापलेलं मी पाहिलेलं नाही. हे सगळं पुस्तकरूपात यावं, हा तिचा आणि माझा दोघींचा ध्यास. तिच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज चालेनासं झालं होतं, म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली टाकली. देवनागरी नीट जुळावी म्हणून झीलेटेक हा लेटेकचा प्रकार निवडला. तो युनिकोड सरळ वाचतो आणि संगणकावरचा कुठलाही ओपनटाइप फाँट वापरू देतो. आम्ही शोभिका वापरतो. आयआयटी मुंबईतून आलेला हा फाँट मोफत आहे आणि त्यातली जोडाक्षरं फार देखणी आहेत.

प्रत्येक पाककृतीची एक स्वतंत्र फाइल, आणि त्या सगळ्यांना ‘इन्क्लूड’ करून ओवणारी ‘पुस्तक’ नावाची एक मुख्य फाइल, अशी रचना केली. मावशी एका पाककृतीवर काम करते, डेस्कटॉपवरच्या ‘पुस्तक बांधा’ या चिन्हावर डबल क्लिक करते आणि पीडीएफ तयार होते. हे तिला फार चटकन जमलं. सरकारी कचेरीत आयुष्यभर मराठी टंकलेखन केलेली बाई आहे ती; इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तिचा हात माझ्यापेक्षा वेगात चालतो.

पण ‘इन्क्लूड’चा एक स्वभाव आहे. ज्या फाइलीला इन्क्लूड करावं, तिच्या नावाची एक ऑक्स फाइल, म्हणजे स्वतःच्या नोंदींची मदतनीस फाइल, लेटेक शेजारी ठेवतं. ‘सोड्याची-खिचडी’ या फाइलीला लागून ‘सोड्याची-खिचडी’ याच नावाची दुसरी. नावाप्रमाणे लावलेल्या फोल्डरमध्ये या जोड्या शेजारी शेजारीच बसतात. शिवाय मुख्य फाइलीच्या नावाने लॉग, टीओसी, आउट, सूचीच्या दोन-तीन फायली, सिंकटेकची फाइल, आणि बांधणीचं काम करणाऱ्या लेटेकएमकेच्या स्वतःच्या नोंदींच्या फायली. साठ-सत्तर पाककृती झाल्यावर त्या फोल्डरमध्ये माणसाने लिहिलेल्या फायलींपेक्षा यंत्राने बनवलेल्या जास्त झाल्या. मावशी चुकून ऑक्स फाइल उघडायची. पहिल्याच ओळीत उलट्या तिरप्या रेघेमागे ‘रिलॅक्स’ असा शब्द, त्याखाली कंसांची रांग. पाककृती खराब झाली या भीतीने ती लॅपटॉप बंद करून ठेवायची आणि मी येईपर्यंत हातच लावायची नाही.

मला हे फार लागलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईने नवं काहीतरी शिकून घेतलं आहे, मनापासून लिहिते आहे, आणि तिच्या कामाच्या जागेत तिला न विचारता कुणीतरी कागद टाकून जातं आहे. ती मला एवढंच म्हणाली, “मला माझ्या पाककृती दिसू देत. बाकीचं तू कुठे ठेवायचं ते ठेव.”

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बांधणी झाली की ते सगळं पुसून टाकायचं. लेटेकएमकेमध्ये त्यासाठी सोयच आहे. मी तो करून पाहिला, पण तो टिकणारा नव्हता, कारण या फायली कचरा नाहीत. अनुक्रमणिकेतले आकडे आधीच्या फेरीत लिहिलेल्या टीओसीतून येतात. ती पुसली की लेटेकला दोन-तीन फेऱ्या पुन्हा माराव्या लागतात, आणि जुन्या लॅपटॉपवर फोटोंसकट पुस्तक बांधायला वेळ लागतो. त्याहून मोठं कारण म्हणजे मावशी एका वेळी एकाच प्रकरणावर काम करते. ‘इन्क्लूडओन्ली’ ही आज्ञा दिली की लेटेक तेवढंच प्रकरण जुळवतं, पण बाकीच्या प्रकरणांचे पानांचे आकडे त्यांच्या ऑक्स फायलींतून वाचून घेतं. त्या पुसल्या की मधलं प्रकरण पान एकपासून सुरू होतं. आणि सिंकटेकची फाइल गेली की पीडीएफमधल्या ओळीवर कंट्रोल धरून क्लिक केल्यावर मूळ मजकुरातल्या त्याच ओळीवर जाण्याची सोय जाते. मावशीला ही सोय सगळ्यात जास्त आवडते. छापल्यासारखं पान वाचायचं, चूक दिसली की तिथेच क्लिक करायचं. जेरोम लॉरेन्स यांनी केलेलं हे काम टेक लाइव्ह या लेटेकच्या संचाच्या २००८च्या आवृत्तीपासून सगळ्यांना मिळालं. ते मी तिच्याकडून काढून घेणार नव्हते.

म्हणजे फायली राहायला हव्यात आणि दिसायला नकोत.

लिनक्सवर फाइल लपवायची सर्वांना माहीत असलेली रीत म्हणजे नावाच्या सुरुवातीला टिंब देणं. युनिक्सच्या चमूत काम केलेले रॉब पाइक यांनी २०१२ साली लिहिलं होतं की ही रीत कुणी ठरवून केलेलीच नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘टिंब’ आणि ‘दोन टिंबं’ या नावांच्या दोन नोंदी असतात. यादी छापताना त्या वगळायच्या म्हणून पहिलं अक्षर टिंब आहे का एवढंच तपासलं गेलं, आणि टिंबाने सुरू होणारं सगळंच दिसेनासं झालं. त्यातून आजच्या सगळ्या लपलेल्या सेटिंगच्या फायली आल्या. आम्हाला मात्र या रिवाजाचा उपयोग नव्हता. ऑक्स फाइलीचं नाव लेटेक ठरवतं, मी नाही. नाव बदललं की पुढच्या बांधणीत लेटेकला ती सापडणार नाही आणि ते नवी बनवेल.

मग सापडली ती दुसरी सोय. मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपमध्ये निमो हा फाइल मॅनेजर आहे. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपच्या नॉटिलस या फाइल मॅनेजरमधून काही जुन्या सोयी काढल्या गेल्या तेव्हा, २०१२मध्ये, मिंटच्या मंडळींनी त्याची वेगळी शाखा केली तो हा निमो. नॉटिलस, निमो आणि माते डेस्कटॉपचा काहा, हे तिघंही फायलींची माहिती जीआयओ नावाच्या एकाच लायब्ररीकडून घेतात. आणि जीआयओला एक गोष्ट कळते. फोल्डरमध्ये ‘टिंब-हिडन’ नावाची साधी मजकूर फाइल ठेवली आणि तिच्यात एका ओळीवर एक अशी नावं लिहिली, तर त्या नावांच्या फायली लपलेल्या मानल्या जातात. मूळ फाइलीला हात लागत नाही, नाव बदलत नाही, लेटेकला काही कळत नाही. यादीची फाइल स्वतः टिंबाने सुरू होते, म्हणून तीही दिसत नाही. एफ-फाइव्ह दाबून फोल्डर ताजं केलं की झालं.

मी हाताने दोन-चार नावं लिहून पाहिली. एफ-फाइव्ह दाबलं आणि ती नावं गेली. त्या साधेपणाचा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो.

याला तीन मर्यादा आहेत आणि तिन्ही आधी कळल्या तर बराच वेळ वाचतो. एक, इथे तारांकन चालत नाही. ‘कुठलंही नाव, पुढे ऑक्स’ असं एका ओळीत लिहिता येत नाही. प्रत्येक फाइलीचं पूर्ण नाव हवं. दोन, यादी त्याच फोल्डरपुरती आहे, आतल्या फोल्डरांना लागू होत नाही. तिसरी मर्यादा मराठीत फायलींना नावं देणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावी अशी आहे, आणि तिच्यावर मी थोडं थांबणार आहे.

यादीत सगळी नावं लिहिल्यावर बाकीच्या ऑक्स फायली लपल्या, पण ‘कैऱ्यांचं-लोणचं’ची ऑक्स तशीच दिसत राहिली. यादीतलं नाव आणि फाइलीचं नाव मी अक्षर अक्षर लावून बघितलं. मोठ्या टाइपात बघितलं. फरक नाही. ओळीच्या शेवटी चुकून जागा सुटली आहे का ते बघितलं, कारण शेवटची जागासुद्धा नावाचाच भाग धरली जाते. तीही नव्हती. शेवटी टर्मिनलमध्ये दोन्ही नावांचे बाइट, म्हणजे अक्षरांमागचे आकडे, काढले, आणि फरक तिथे होता. ‘ऱ्य’मध्ये.

मराठीतला हा ‘ऱ्य’ संगणकात एकाहून अधिक तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत नुक्त्याचा ‘ऱ’ हे एकच अक्षर, मग हलन्त, मग ‘य’. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की हा ‘ऱ’ येतो आणि मावशी तसाच लिहिते. दुसऱ्या तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह, आणि मग ‘य’. युनिकोडमध्ये दोन्हींना जागा आहे. पहिली मुख्य, दुसरी जुन्या लेखनाशी जुळण्यासाठी ठेवलेली. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारख्या दिसतात. मी ऐरोलीला माझ्या लॅपटॉपवर फोनेटिक कीबोर्डने यादी लिहिली होती आणि त्याने झेडडब्ल्यूजे घातला होता. जीआयओ नावं बाइटशः ताडून बघतं. दिसायला एक असलेली दोन नावं त्याच्या लेखी दोन वेगळी नावं आहेत.

हे फक्त कैऱ्यांपुरतं नाही. ‘भाकऱ्या’, ‘पुऱ्या’, ज्या ज्या नावात ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ आहे तिथे हे होऊ शकतं. नुक्ता वेगळा टाइप केला तर आणखी एक तऱ्हा निघते. म्हणून देवनागरी नावांची यादी हाताने लिहूच नये. फोल्डरमध्ये जे नाव खरोखर आहे तेच उचलून यादीत टाकावं. टर्मिनलमधली एलएस ही आज्ञा नाव जसंच्या तसं देते, एकही बाइट न बदलता. टर्मिनलमध्ये तारांकनही चालतं. म्हणजे पहिली आणि तिसरी मर्यादा एकदमच सुटली: एलएसला ‘सगळ्या ऑक्स, सगळ्या लॉग, सगळ्या टीओसी’ असं सांगायचं आणि जे निघेल ते ‘टिंब-हिडन’मध्ये वळवायचं.

ही एक ओळ मी ‘पुस्तक बांधा’ या चिन्हामागच्या स्क्रिप्टमध्ये लेटेकएमकेच्या खाली टाकली. आता प्रत्येक बांधणीनंतर यादी नव्याने लिहिली जाते. मावशीने नवी पाककृती घातली की तिची ऑक्स आपोआप यादीत येते. तिने एखाद्या पाककृतीचं नाव बदललं, आणि ती बदलते, कारण ‘भानोलं’ लिहायचं की ‘कोलंबीचं भानोलं’ यावर तिचं आणि माझ्या मामीचं अजून एकमत नाही, तर जुन्या नावाची अनाथ ऑक्सही लपलेलीच राहते, कारण यादी पाककृतींच्या नावांवरून नाही, नावाच्या शेवटी लागणाऱ्या ‘ऑक्स’, ‘लॉग’ अशा शेपटांवरून बनते.

हे सगळं जमल्यावर मी मावशीसमोर बसले आणि तिला दाखवलं. हे मला महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याच्या फोल्डरमधलं काही लपवायचं तर त्याला सांगून लपवावं. कंट्रोल आणि एच एकत्र दाबलं की लपलेलं सगळं दिसतं, पुन्हा दाबलं की जातं. तिला ते स्वतः करायला लावलं. तिने दोनदा दाबून बघितलं, मग विचारलं, “म्हणजे गेलं नाही ना कुठे? इथेच आहे?”

“इथेच आहे. फक्त तुला दिसत नाही.”

“मग त्यात माझं काय आहे?”

हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता, आणि त्यावर मला थांबून विचार करावा लागला. मी शेपटं बघून यादी केली होती. पण एखादी फाइल यंत्राने बनवली म्हणून ती कायम यंत्राचीच राहते असं नाही. सूचीची फाइल आमच्याकडे अशीच होती. लेटेकची मेकइंडेक्स ही सूची लावणारी आज्ञा अक्षरांचे क्रमांक बघते, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसतो. मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. ‘अळू’ कुठे यावं याबद्दल मावशी काटेकोर आहे. तिने तयार झालेली सूची उघडून क्रम हाताने नीट लावला होता, शिवाय पदार्थांच्या पुढे ऋतू लिहिले होते. म्हणजे त्या फाइलीत आता तिचं काम होतं, आणि माझी यादी ती लपवत होती. पुढची पूर्ण बांधणी ते काम पुसणारही होती.

आम्ही ती सूची वेगळ्या नावाने, पाककृतींसारखीच साधी लेखनफाइल म्हणून ठेवली आणि मेकइंडेक्सला रजा दिली. पाककृती अजून वाढणार असतील तेव्हा सूची हाताने सांभाळणं कष्टाचं आहे, पण मावशीला ते कष्ट मान्य आहेत. त्या दिवसापासून आमचा नियम झाला: जे पुन्हा जसंच्या तसं बनवता येतं तेच लपवायचं. माणसाचा हात लागलेली एकही ओळ ज्या फाइलीत आहे ती समोर राहिली पाहिजे.

लॉग फाइलीचाही असाच विचार करावा लागला. पुस्तक नीट बांधलं गेलं तर लॉग कुणालाच नको असते. पण बांधणी अडली की काय बिघडलं ते फक्त तिथेच लिहिलेलं असतं. मग स्क्रिप्टमध्ये एवढाच बदल केला: बांधणी यशस्वी झाली तरच लॉगचं नाव यादीत घालायचं. आता काही अडलं की फोल्डरमध्ये ‘पुस्तक’ची लॉग फाइल दिसू लागते, आणि मावशीला कळतं की कुठेतरी महिरपी कंस बंद करायचा राहिला आहे. ती लॉग वाचत नाही. तिचा फोटो काढून मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ शोध, एवढं मी तिला सांगितलं आहे, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर तिचं तिलाच सापडतं.

ही पद्धत चांगली चालली. तरी पुढे मी तिच्यात बदल केला, कारण एका भाचीने विचारलं की तो सगळा पसारा मुळात दुसऱ्या फोल्डरमध्येच का जाऊ नये? जाऊ शकतो. लेटेकएमकेच्या सेटिंगमध्ये मदतनीस फायलींसाठी वेगळं फोल्डर सांगता येतं आणि पीडीएफ मात्र जागेवरच राहते. मी त्या फोल्डरचं नाव टिंबाने सुरू करायचं ठरवलं, म्हणजे ते आपसूकच लपेल. तिथे टेकने, म्हणजे लेटेकच्या मुळाशी असलेल्या प्रोग्रॅमने, नकार दिला. टेक लाइव्हच्या मूळ सेटिंगमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या नावांवर लिहायला टेकला मनाई असते. त्यामागे सुरक्षेचं शहाणं कारण आहे: कुणाचाही दस्तऐवज आपण आपल्या संगणकावर बांधतो, आणि त्या दस्तऐवजाला आपल्या लॉगिनच्या सेटिंगच्या फायली बदलता येऊ नयेत. ती मनाई सेटिंग बदलून उठवता येते, पण फोल्डर नीटनेटकं दिसावं एवढ्यासाठी मी तिला हात लावणार नाही, आणि कुणाला तसा सल्लाही देणार नाही. फोल्डरचं नाव साधं ‘मदतनीस’ ठेवलं, आणि तेच नाव यादीत टाकलं.

म्हणजे आता आमच्या ‘टिंब-हिडन’मध्ये फारच थोडी नावं उरली आहेत. एक ‘मदतनीस’ फोल्डर आणि दुसरी सिंकटेकची फाइल, कारण ती पीडीएफच्या शेजारीच असावी लागते, नाहीतर क्लिक करून मूळ ओळीवर जाता येत नाही. लॉगही आता ‘मदतनीस’मध्येच असते, म्हणून बांधणी अडली तर स्क्रिप्ट तिची एक प्रत बाहेर आणून ठेवते आणि पुढच्या यशस्वी बांधणीनंतर ती काढून टाकते. ज्यांचं काम लहान आहे, एकच फाइल आणि चार-पाच मदतनीस, त्यांनी नुसती यादी ठेवावी. वेगळ्या फोल्डरची गरज नाही. आमच्यासारखं इन्क्लूडचं लांबलचक काम असेल तर दोन्ही एकत्र वापरावं.

आमच्याकडे संगणक एकाच जातीचे नाहीत, म्हणून आणखी काही गोष्टी तपासून घेतल्या. माझा मावसभाऊ घोडबंदर रोडला राहतो आणि त्याच्याकडे विंडोज आहे. पेनड्राइव्हवर फोल्डर नेलं की तिथे सगळंच दिसतं, ‘टिंब-हिडन’ फाइलसुद्धा. विंडोजला नावाच्या सुरुवातीचं टिंब कळत नाही आणि ती यादीही कळत नाही. तिथे लपवणं हा फाइलीच्याच अंगावरचा गुणधर्म असतो. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘हिडन’वर खूण केली की फाइल लपते. पण लेटेकच्या मदतनीस फायलींवर ही खूण करू नये. विंडोजवर लपवलेली फाइल एखादा प्रोग्रॅम साध्या रीतीने नव्याने लिहायला गेला तर त्याला परवानगी नाकारली जाते, आणि ऑक्स फाइल तर दर फेरीला नव्याने लिहिली जाते. विंडोजवर वेगळं फोल्डर हाच सरळ मार्ग.

आमच्या बाजूलासुद्धा ही यादी फाइल मॅनेजरपुरतीच आहे. टर्मिनलमधलं एलएस तिच्याकडे बघत नाही. फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकलं किंवा झिप केलं की लपलेलं सगळं सोबत जातं. उलट फोल्डर उघडून कंट्रोल-ए केलं तर दिसतं तेवढंच निवडलं जातं, लपलेलं मागे राहतं. मावशी पेनड्राइव्हवर प्रत ठेवते तेव्हा हा फरक कामाचा आहे. पूर्ण प्रत हवी तर फोल्डर बाहेरून उचल, फक्त पाककृती हव्यात तर आत जाऊन कंट्रोल-ए कर, असं तिने स्वतः वहीत लिहून ठेवलं आहे, शेवळांच्या पानाच्या मागच्या बाजूला.

वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्याने नमुन्याची पानं मागितली, तेव्हा मी फोल्डर पाठवलं नाही. फक्त पीडीएफ पाठवली, आणि त्याआधी टर्मिनलमध्ये पीडीएफफाँट्स ही आज्ञा चालवून शोभिका फाँट फाइलीत एम्बेड झाला आहे का ते बघून घेतलं. झाला होता. छापून आलेल्या पानावर ‘कैऱ्यांचं लोणचं’ नीट उमटलं आहे. मावशीने त्यावर पेन्सिलीने मिठाचं प्रमाण वाढवलं, आणि ती दुरुस्ती तिने लोणच्याच्याच फाइलीत केली आहे.